ग्रॅव्हल बाइक: आधी गिअर मोजा, मग ब्रेककडे वळा

ग्रॅव्हल बाइकवर, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणाऱ्या सायकलवर, सामान लादून सिंहगडासारखा चढ चढायचा असेल तर एकच हिशोब करा: पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दाते भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते. उत्तर १ च्या खाली हवं. शिमानो कंपनीच्या जीआरएक्स या गिअर-संचात पुढे ३०, मागे ३४ असेल तर ०.८८ येतं, पुढे एकच ४० चं चक्र आणि मागे ४२, तर ०.९५. एकच चेनरिंग (पुढचं चक्र) सुटसुटीत असते हे खरं, पण घाटात मी दोनवालीच घेईन.

मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) घेण्याआधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ती पेलतो का ते बघा. जीआरएक्सचा आरएक्स८१० हा ३४ दात्यांपर्यंतचा. ४२ साठी आरएक्स८१२ लागतो. चेनही लांब लागेल.

केबलवाले डिस्क ब्रेक असतील तर लगेच हायड्रॉलिकच्या (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या) मागे लागू नका. ड्रॉप हँडलवर (खाली वळलेल्या हँडलवर) त्यासाठी बहुतेक वेळा शिफ्टरसकट (गिअर बदलायच्या लिव्हरसकट) सगळं बदलावं लागतं. आधी केबलचं बाहेरचं आवरण न दबणारं, ब्रेकसाठीचंच टाका. लिव्हरचा लिबलिबीतपणा कमी होतो, तोही थोडक्या पैशात. मग पॅड, म्हणजे डिस्कला घासणारे तुकडे. पावसाळी चिखलात रेझिनचे पॅड भराभर झिजतात, धातूचे टिकतात. आवाज मात्र करतात. डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ लिहिलं असेल तर धातूचे अजिबात लावू नका. नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न होऊ देता, पंधरा-वीसदा ब्रेक दाबून डिस्कवर नीट रुळवून घ्या. तोवर उतारावर जाऊ नका.