परदेशात फोन, लॅपटॉप, मिक्सर घ्यायचाय? निम्मं काम सोलापुरातच उरका

जर्मनीला एमएस करायला निघालेली मुलं, दुबई-कतारला नोकरीवर चाललेले तरुण, अमेरिकेत लेकीकडे काही महिने राहायला जाणारे आई-वडील... जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडला अशी घरं आता शोधावी लागत नाहीत. शेंगा चटणी किती, कडक भाकरीचे किती डबे, चादरी कुणाकुणासाठी, ही यादी महिनाभर आधीच पक्की होते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं मात्र "तिथं गेल्यावर बघू" असं म्हणून सोडून दिलं जातं. आणि तिथं पोहोचल्यावर पहिले काही महिने सगळ्यात जास्त मनस्ताप याच वस्तू देतात.

याचं कारण साधं आहे. नवी पेठेत आपण फोन घेतो तेव्हा दुकानदार आपल्यासमोर बॉक्स फोडतो, सिम घालून चालू करून दाखवतो, काच लावून देतो, आणि काही बिघडलं तर "उद्या घेऊन या, बघू" म्हणतो. आपली निम्मी चौकशी तोच करत असतो. परदेशात ती सगळी चौकशी आपल्या अंगावर पडते, तीही परक्या भाषेत. मी जर्मनीत राहून आलो, त्यामुळे पुढची बरीच उदाहरणं तिथली आहेत. इतर देशांत जिथं वेगळं आहे, तिथं तसं लिहिलंय.

सगळ्या पायऱ्यांमागचा नियम एकच: वस्तू जिथं जास्त वर्षं वापरायची, त्या देशासाठी बनलेलीच घ्यायची.

पायरी १: प्रत्येक वस्तूच्या मागची पट्टी वाचा

बॅग भरायच्या आधी चार्जर हातात घ्या आणि उलटा करा. बारीक अक्षरात 'इनपुट' असं छापलेलं असतं. त्यापुढे '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असेल तर तो चार्जर जगात कुठंही चालतो, फक्त पिन बदलावी लागते. लॅपटॉप, फोन, कॅमेरा यांचे चार्जर जवळजवळ सगळे असेच असतात.

आता मिक्सर उलटा करा. तिथं फक्त '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' दिसेल. इस्त्री, केटल, हेअर ड्रायर यांचंही बहुधा तसंच. या वस्तू जर्मनी, इंग्लंड, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथं चालतात, कारण तिथला वीजदाब आपल्यासारखाच आहे. अमेरिकेत तो १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ आहे. जपानमध्ये १०० व्होल्ट, त्यातही पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०. तिथं आपला मिक्सर नुसता घरघरतो, दळत काही नाही. ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो, पण ७५० वॉटच्या मिक्सरला त्याहून मोठ्या क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो जड असतो, महाग असतो आणि ओट्यावरची जागा अडवतो. त्यापेक्षा अमेरिकेत तिथल्या वीजदाबाचा भारतीय पद्धतीचा मिक्सर घ्यावा. भारतीय किराणा दुकानांत आणि ऑनलाइन तो मिळतो.

युरोपात किंवा आखातात जाणार असाल तर मिक्सर इथूनच न्या, असं माझं ठाम मत आहे. तिथल्या दुकानांतले बहुतेक ब्लेंडर पातळ पेयांसाठी बनवलेले असतात. भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि तिखट त्यात कोरडं फिरवायला गेलात की दाण्याला तेल सुटून गोळा पात्याखाली चिकटतो, वरचे दाणे अख्खे राहतात आणि मोटर तापून बंद पडते. आपल्या मिक्सरचं छोटं भांडं याच कामासाठी आहे. मिक्सरबरोबर एक जादा कपलर, झाकणाची रबरी रिंग आणि जमलं तर एक जादा भांडंही टाका. हे सुटे भाग तिथं सहज मिळतीलच असं नाही आणि झिजायचं ते हमखास झिजतंच.

प्रेशर कुकर इलेक्ट्रॉनिक नाही, पण प्रश्न त्याच ओट्याचा आहे. तिथल्या अनेक घरांत इंडक्शन शेगडी असते आणि तिच्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. कुकरच्या बुडाला चुंबक लावून बघा. चिकटला तरच न्या.

पायरी २: पिन

जर्मनी-फ्रान्सला दोन गोल पिना, इंग्लंड, दुबई, कतार, सिंगापूरला तीन चौकोनी, अमेरिका-जपानला दोन चपट्या, ऑस्ट्रेलियाला तिरक्या चपट्या. ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिन बदलतो, वीजदाब बदलत नाही, हे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवा. स्वस्त अडॅप्टरमध्ये अर्थिंगची जोडणी नसते. फोनला ते चालून जातं. मिक्सरला मात्र अर्थिंग असलेलाच घ्या.

पायरी ३: लॅपटॉप इथंच घ्या

शिकायला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. जर्मनीतल्या कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा बदललेल्या असतात, आणि ईमेलमधलं ॲटचं चिन्ह उमटवायला दोन बटणं दाबावी लागतात. फ्रान्समध्ये ए आणि क्यू बदललेले, शिवाय आकडे टाइप करायला शिफ्ट दाबून धरावं लागतं. सेटिंग बदलून आपली मांडणी आणता येते, पण बटणांवर छापलेली अक्षरं तीच राहतात. रात्री बारा वाजता असाइनमेंट पूर्ण करताना बोटं आणि डोळे एकमेकांशी भांडत बसतात.

दुकानात एकच प्रश्न स्पष्ट विचारा: "याची वॉरंटी मी जातोय त्या देशात चालते का, आणि ते लिहून कुठं दिलंय?" काही कंपन्यांच्या लॅपटॉपला आंतरराष्ट्रीय वॉरंटी असते, काहींना ती जादा पैसे देऊन मिळते, काहींना अजिबात नाही. तोंडी उत्तरावर थांबू नका, कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून बघा. बिल जपून ठेवा. महागडा कॅमेरा वगैरे नेत असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून तशी नोंद करून घेता येते, म्हणजे परत येताना तो परदेशात घेतला का, हा प्रश्न उरत नाही.

पायरी ४: फोनची घाई करू नका

चालू असलेला फोन घेऊन जा आणि नवीन तिथं स्थिरावल्यावर घ्या. मात्र जो न्याल तो दोन सिमचा असू द्या. एकात तिथला नंबर आणि दुसऱ्यात आपला भारतातला, कारण बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवरच येतो. निघण्याआधी त्या सिमवर रोमिंग सुरू करून घ्या आणि घरी कुणाला तरी रिचार्जची जबाबदारी देऊन जा. बराच काळ वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो, आणि तो बंद झाला की बँकेची कामं तिथून सोडवणं फार जिकिरीचं होतं.

तिथं फोन घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, फोन कुठल्या मोबाइल कंपनीला बांधलेला आहे का? अमेरिकेत हप्त्यावर स्वस्त मिळालेले फोन बऱ्याचदा लॉक असतात, त्यात आपलं सिम चालत नाही. बिलावर किंवा बॉक्सवर 'अनलॉक्ड' लिहिलेलं असल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरी, सिमची खाच आहे का? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना २०२२ च्या चौदाव्या मालिकेपासून सिमची खाचच नाही, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच असलेल्या डिजिटल सिमवर चालतं. स्वतः वापरणार असाल तर अडचण नाही. पण तोच फोन पुढं वडिलांना द्यायचा विचार असेल तर आधी त्यांना विचारा. सिम काढून या फोनमधून त्या फोनमध्ये घालायची सवय असलेल्या माणसाला ई-सिमचा फार त्रास होतो. जपानमध्ये घेतलेल्या बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, हेही माहीत असू द्या.

पायरी ५: तिथल्या दुकानात

घासाघीस विसरा. लिहिलेला भाव तोच भाव. अमेरिकेत तर लिहिलेल्या भावावर राज्याचा विक्रीकर वेगळा लागतो, त्यामुळे काउंटरवर आकडा वाढतो. ओरेगॉन, डेलावेअर, मोंटाना आणि न्यू हॅम्पशायरमध्ये तो राज्य कर नाही. युरोपात कर किमतीतच धरलेला असतो, जर्मनीत १९ टक्के. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी गर्दी असते. काही विचारायचं असेल तर आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जा. सोबत मॉडेल नंबर कागदावर लिहून न्या. भाषा अडली तरी नंबर अडत नाही.

बॉक्स फोडून दाखवा म्हणालात तर तिथं चालत नाही. म्हणून परत करण्याचे नियम आधी समजून घ्या, कारण यातच लोक सगळ्यात जास्त फसतात. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांच्या आत कारण न सांगता परत करता येते. दुकानात जाऊन घेतलेली चांगली वस्तू परत घ्यायला दुकानदार कायद्याने बांधील नाही. काही दुकानं आपणहून घेतात, काही नाही. पैसे देण्याआधी विचारा.

वस्तू सदोष निघाली तर गोष्ट वेगळी. तिथं दोन वर्षं जबाबदारी विकणाऱ्याची असते, कंपनीची वॉरंटी त्याहून निराळी. माझी केटल वर्षाच्या आत बंद पडली तेव्हा दुकानातल्या माणसाने "कंपनीला मेल करा" म्हणून परत पाठवायला बघितलं. मी बिल पुढं ठेवून शांतपणे म्हणालो, की वस्तू तुमच्याकडून घेतली आहे आणि दोन वर्षं व्हायची आहेत. मॅनेजरला बोलावलं, तेव्हा बदलून मिळाली. राग येतो अशा वेळी, कारण नवख्या माणसाला हे कुणी सांगत नाही आणि बरेच जण मुकाट्याने दुसरी विकत घेतात. तुम्ही तसं करू नका. पहिल्या वर्षात तर दोष आधीपासून होता असंच कायदा धरून चालतो, नव्हता हे दुकानदाराला सिद्ध करावं लागतं. बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

ऑनलाइन मागवणार असाल तर आधी दारावरच्या बेलवर आणि पत्रपेटीवर तुमचं नाव लागलंय का ते बघा. जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पार्सलवाला नाव वाचून बेल दाबतो. नाव नसेल तर पार्सल परत. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर घरमालकाचं नाव पत्त्यात 'द्वारा' म्हणून घाला. पार्सल शेजाऱ्याकडे ठेवून जायचीही पद्धत आहे. तशी चिठ्ठी पत्रपेटीत पडते, ती कचऱ्यात टाकू नका.

केटल, टेबल लॅम्प, राइस कुकर नवे घेऊच नका. शिक्षण संपवून निघालेली मुलं स्वस्तात देऊन जातात. समोर चालू करून बघा, मिळालं तर मूळ बिल मागून घ्या, बस्स.

पायरी ६: नातेवाइकांच्या मागण्या

गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत घरी येणाऱ्या प्रत्येकाला डिसेंबरपासून फोन सुरू होतात. "येताना एक आयफोन आण रे." नाही म्हणणं जड जातं, मामा-काका दुखावतात. माझा सल्ला असा, की आधीच हिशोब करून पाठवा: "मामा, इथला भाव करासकट एवढा होतो, वर कस्टम्स लागू शकतं, आणि या फोनची वॉरंटी सोलापुरात चालेलच असं नाही. तिथं घेतलात तर बिल आणि सर्व्हिस दोन्ही तुमच्या नावावर." आकडे समोर आले की बहुतेकांना पटतं.

कस्टम्सच्या सुटीची मर्यादा बदलत असते, म्हणून तिकीट काढलं की कस्टम्सच्या संकेतस्थळावर ताजे नियम वाचा. ती मर्यादा माणशी असते. घरातल्या चौघांची मिळून एका महाग वस्तूसाठी वापरता येत नाही. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा मोफत आणता येतो. टीव्ही आणायच्या भानगडीत पडू नका. सपाट पडद्याच्या टीव्हीवर २०१३ पासून शुल्क भरावंच लागतं.

कर परत मिळण्याबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. तिथं राहणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना मिळते. जर्मनीत एका बिलाची रक्कम ५० युरोंच्या वर असेल तर खरेदी त्यांनी त्यांच्या पासपोर्टवर करावी, दुकानातून फॉर्म घ्यावा, वस्तू न वापरता न्यावी आणि युरोपीय संघ सोडताना कस्टम्सचा शिक्का मारून घ्यावा. वस्तू बघायला मागतात, म्हणून ती चेक-इनच्या बॅगेत आधीच टाकू नये. इंग्लंडमध्ये पर्यटकांची ही सोय २०२१ पासून बंद आहे.

पायरी ७: सोलापुरात परत आणताना

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची नेता येते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते.

परदेशी मॉडेलची दुरुस्ती ही इथली खरी अडचण. आणण्याआधी मॉडेल नंबर घरच्यांना पाठवा आणि त्यांना सोलापुरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून यायला सांगा. नाहीतर छोट्या भागासाठी पुण्याला खेपा होतात.

अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी शेवटची सूचना, आणि ही अजिबात विसरू नका. तिथला एक्स्टेंशन बोर्ड किंवा सर्ज प्रोटेक्टर बॅगेत टाकू नका. तो १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो. आपल्या २३० व्होल्टला लावला की पेटू शकतो. तिथले हेअर ड्रायर, केटल, इस्त्री तिथंच देऊन या. आणलेला लॅपटॉप मात्र खुशाल वापरा, फक्त इथला चांगला स्पाइक गार्ड घेऊन त्याला लावा.