वायरलेस सेटची पॉवर वाढवायची असेल तर

५ वॉटचा सेट ५० वॉटचा केला की आवाज दहापट लांब पोचेल, असं वाटतं. तसं होत नाही. समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एक एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायचं माप) चढायला चौपट पॉवर लागते, म्हणजे एवढा खटाटोप करून हाती येतात जेमतेम पावणेदोन युनिट. शिवाय असे सेट ज्या उच्च फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्या व्हीएचएफ-यूएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर असेल तर वॉट वाढवून तो बाजूला होत नाही.

म्हणून आधी सेटपासून अँटेनापर्यंतची केबल बघा. यूएचएफवर आरजी-५८ या बारीक प्रकारची १० मीटर केबल जवळपास निम्मी पॉवर वाटेतच खाते. केबल बदला, अँटेना उंच न्या. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं.

तरीही पॉवर हवीच असेल, तर परवान्यात किती वॉटची मुभा आहे ते वाचा. मग प्रश्न येतो, आतून की बाहेरून? सेट उघडून ड्राइव्ह (शेवटच्या ट्रान्झिस्टरला मिळणारा सिग्नल) वाढवायचा किंवा शेवटचा ट्रान्झिस्टर बदलायचा, हे ज्याच्याकडे मोजायची उपकरणं आहेत त्यानेच करावं. उष्णता वाढते, हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट, नको असलेल्या लहरी) दुसऱ्यांच्या बँडमध्ये घुसतात आणि हँडसेटची बॅटरी तेवढा करंट देऊच शकत नाही. माझं मत विचाराल तर हँडसेट उघडूच नका.

बाहेरचा अँप्लिफायर (सेटची पॉवर वाढवणारी वेगळी पेटी) घेताना बँड जुळतो का ते बघा. फक्त एफएमसाठी बनवलेल्यावर एसएसबी (आवाज पाठवायची दुसरी पद्धत) फाटकं ऐकू येतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इनपुटची मर्यादा: ५ वॉट मागणाऱ्याला २५ वॉट दिले, तर ट्रान्झिस्टर क्षणात जातो.

खरी गंमत वायरिंगमध्ये आहे. ५० वॉट बाहेर काढायला १३.८ व्होल्टवर ८ ते १० अँपिअर लागतात. मी सुरुवातीला हाताशी होती ती बारीक वायर लावली. बॅटरीवर मीटर १३ व्होल्ट दाखवत होता आणि पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबताच अँप्लिफायरच्या टोकाशी ११! वायर गरम, पॉवर गायब. तेव्हा वायर जाड आणि आखूड घ्या, फ्यूज बॅटरीजवळच बसवा.

आता जोडणी. सेटची केबल ‘इनपुट’ला, ‘आउटपुट’कडून एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा) आणि त्यापुढे ५० ओहमचा डमी लोड (चाचणीपुरता अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर). दोन्ही टोकं परत एकदा तपासा, इथली अदलाबदल महागात पडते. सेट सर्वांत कमी पॉवरवर ठेवून काही सेकंद पीटीटी दाबा, आकडे बघा, मगच मर्यादेपर्यंत वाढवा. नंतर डमी लोड काढून अँटेना लावा. एसडब्ल्यूआर २च्या वर गेला तर थांबा, दोष अँटेनात किंवा कनेक्टरमध्ये शोधा. अँटेना माणसांपासून लांब हवी. हँडसेटची रबरी अँटेना अँप्लिफायरवर कधीच लावू नका.

पीटीटी सोडल्यावर अँप्लिफायरमधल्या रिलेचा (पाठवणं आणि ऐकणं यांत बदल करणारा स्विच) ‘टक्’ आवाज यायला हवा. आला नाही तर तो ट्रान्समिटवरच अडकलाय. मग समोरचा कितीही ओरडला तरी तुम्हाला नीट ऐकू येणार नाही.