घरच्या नेटवर्कवर डीएनएसच्या एसआरव्ही नोंदी कशा करून बघाव्यात

मे महिन्यात राजारामपुरीतल्या आमच्या घरी भाचरं जमली की लॅपटॉपवर माइनक्राफ्ट सुरू होतं. सर्व्हर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर. त्यावर दोन जगं: पोरांचं पोर्ट (म्हणजे यंत्रावरच्या सेवेचा क्रमांक) २५५६५ वर, थोरल्या भाचीचं २५५६६ वर. धाकटा दर वेळी विचारायचा, "शेवटी पाच का सहा ओ मामा?" एसआरव्ही नोंद केली आणि हा प्रश्न मिटला.

साधी डीएनएस नोंद नावावरून आयपी पत्ता सांगते. म्हणजे वाडा सापडतो, पण आत कुठल्या खोलीत जायचं ते कळत नाही. एसआरव्ही नोंद खोलीही सांगते: कुठली सेवा, कुठल्या यंत्रावर, कुठल्या पोर्टवर. तिचे नियम २००० साली आरएफसी २७८२ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरले.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. ही नोंद प्रोग्रॅमनं स्वतःहून विचारावी लागते. ब्राउझर सर्वसाधारण वेबपानासाठी ती विचारत नाही, त्यामुळे तिथं कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती विचारते, म्हणून सुरुवातीला हाच खेळ बरा.

राउटरच्या सेटिंगमध्ये पायसाठी एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१०. मग पायवर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर बसवा. नावांसाठी शेवटी 'होम.आर्पा' वापरा, २०१८ पासून ते खास घरगुती नेटवर्कसाठी राखीव आहे. 'लोकल' नको, ते एमडीएनएसचं आहे, म्हणजे डीएनएस सर्व्हरशिवाय यंत्रं एकमेकांना नावानं शोधतात त्या पद्धतीचं, आणि दोघांची गल्लत होते.

डीएनएसमास्कच्या कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी घाला. इथं देवनागरीत देतोय. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच.

होस्ट-रेकॉर्ड=पाय.होम.आर्पा,१९२.१६८.१.१०

एसआरव्ही-होस्ट=_माइनक्राफ्ट._टीसीपी.ताई.होम.आर्पा,पाय.होम.आर्पा,२५५६६,०,०

सेवा आणि प्रोटोकॉल यांच्या नावाआधीचे अंडरस्कोअर विसरू नका. दुसऱ्या ओळीतल्या आकड्यांचा क्रम नीट बघा: पोर्ट, प्राधान्य, वजन. उत्तर मिळतं तेव्हा मात्र क्रम प्राधान्य, वजन, पोर्ट, शेवटी यंत्राचं नाव असा येतो. पहिल्यांदा मी उत्तराचाच क्रम फाइलमध्ये उतरवला आणि एक अख्खी संध्याकाळ घालवली. शिवाय यंत्राच्या जागी ज्याला थेट पत्त्याची नोंद आहे असंच नाव हवं. टोपणनाव, म्हणजे सीनेम, नियमात बसत नाही.

डीएनएसमास्क पुन्हा सुरू करा. लगेच खेळ उघडू नका, आधी डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडनं डीएनएस सर्व्हरलाच विचारा:

डिग @१९२.१६८.१.१० _माइनक्राफ्ट._टीसीपी.ताई.होम.आर्पा एसआरव्ही

विंडोजवर हेच एनएसलुकअप या कमांडमध्ये प्रकार एसआरव्ही देऊन विचारता येतं. '० ० २५५६६ पाय.होम.आर्पा' असं उत्तर आलं की नोंद बरोबर आहे. यापुढे काही बिघडलं तर दोष लॅपटॉपकडे शोधायचा.

आता फक्त एका लॅपटॉपचा डीएनएस हातानं १९२.१६८.१.१० करा. राउटरच्या डीएनएस सेटिंगला हात लावू नका. पाय बंद पडला तर घरातल्या बाकीच्यांचं नेट चालू राहिलं पाहिजे. त्या लॅपटॉपवर दुसरा डीएनएसही देऊ नका, नाहीतर तो कधी बाहेर विचारतो आणि "असं नाव नाही" ऐकून परत येतो. खेळात 'ताई.होम.आर्पा' एवढंच लिहा. पुढं वेगळं पोर्ट जोडलंत तर खेळ एसआरव्ही नोंद विचारतच नाही.

खरी गंमत यापुढं आहे. भाचीचं जग २५५७० वर हलवा, नोंदीतला आकडा बदला, डीएनएसमास्क पुन्हा सुरू करा. पोरांना काही सांगावं लागत नाही. डीएनएसमास्क स्वतःच्या नोंदींना मुळात शून्य सेकंदांचं आयुष्य देतं, म्हणजे जुनं उत्तर साठवून ठेवायचं नसतं, म्हणून बदल लगेच दिसतो.

मग त्याच सेवेसाठी दुसऱ्या यंत्राची आणखी एक ओळ घालून प्राधान्य आणि वजन बदलून बघा. प्राधान्याचा आकडा जितका लहान तितका मान पहिला. मोठ्या आकड्याकडे पहिला सापडला नाही तरच जायचं. प्राधान्य सारखं असेल तर वजन बघतात: एकाला ३ आणि दुसऱ्याला १ दिलं, तर साधारण चारातले तीन जण पहिल्याकडे जावेत. पण ही निवड विचारणारा प्रोग्रॅम करतो, डीएनएस नाही. डिग दोन्ही ओळी तुमच्यापुढं ठेवतं, आणि प्रत्येक प्रोग्रॅम हे नियम पुरते पाळतोच असं नाही. तुमचा पाळतो का, हे पहिला सर्व्हर मुद्दाम बंद करून बघा.