फूल बदललं की पतंग? परागीभवनाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

या विषयाकडे येणाऱ्या बहुतेकांना मादागास्करच्या त्या पांढऱ्या ऑर्किडची गोष्ट ओढून आणते. मलाही तिनेच आणलं. अँग्रेकम सेस्क्विपेडालीची फुलं १८६२ मध्ये डार्विनच्या हाती आली. फुलामागची शुंडिका, म्हणजे मकरंदाची पोकळ नळी, जवळजवळ २९ सेंटिमीटर लांब, आणि मकरंद फक्त तळाच्या चारेक सेंटिमीटरमध्ये. एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे, असं त्याने लिहिलं. वॉलेसने १८६७ मध्ये त्याची बाजू उचलून धरली. १९०३ मध्ये रॉथशिल्ड आणि जॉर्डन यांनी तेवढ्या लांब सोंडेच्या पतंगाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नावातच ‘प्रेडिक्टा’, म्हणजे ‘भाकीत केलेला’, घातलं. तोवर डार्विनला जाऊन २१ वर्षं झाली होती.

गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण हा विषय शिकायचा असेल तर तिच्यापाशी थोडं जास्त वेळ थांबा. पतंग सापडला, म्हणजे इतकंच कळलं की फूल आणि पतंग एकमेकांना जुळतात. ते जुळले कसे, हा प्रश्न तसाच राहतो. डार्विनचं म्हणणं असं: शुंडिका थोडी जास्त लांब असेल तर पतंगाला डोकं फुलात घट्ट खुपसावं लागतं आणि पराग नीट चिकटतो. उलट, सोंड लांब असलेल्या पतंगाला मकरंद जास्त मिळतो. दोघं एकमेकांना लांबवत नेतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लुट्झ वासरथाल यांनी वेगळा विचार मांडला. फुलांत दबा धरून बसणाऱ्या कोळ्यांपासून अंतर राखता यावं म्हणून पतंगांची सोंड आधी लांबली असेल, आणि फुलं मागाहून त्या सोंडेला जुळत गेली असतील. जोडी तीच, मोजमापं तीच, पण इतिहास दोन. कुठला खरा हे फुलाकडे नुसतं बघून कळत नाही.

१९८० मध्ये डॅनियल जान्झेन यांनी दोन पानांच्या आत हा मुद्दा मांडला होता. एकाच्या बदलामुळे दुसऱ्यात बदल झाला आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पहिल्यात पुन्हा बदल झाला, तरच सहउत्क्रांती म्हणावं. माझ्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिल्यांदा वाचायला देते, कारण या अभ्यासातलं निम्मं काम म्हणजे ‘जुळतात’पासून ‘एकमेकांमुळे बदलले’पर्यंतचं अंतर पुराव्याने ओलांडणं आहे.

सुरुवात मात्र तत्त्वापासून करू नका, फुलापासून करा. एक वनस्पती निवडा. भरपूर फुलणारी, सहज पोचता येईल अशा जागी असलेली, आणि शक्य असेल तर कुंडीतही वाढणारी. दुर्मीळ ऑर्किडचा मोह पहिल्या हंगामात टाळलेला बरा. फुलं पंचवीस मिळाली आणि पावसात अर्धी गेली तर वर्ष वाया जातं.

मग बसा आणि बघा. कोण येतो, किती वेळ थांबतो, शरीराचा कुठला भाग परागकोशाला लागतो, कुठला कुक्षीला लागतो. नळीसारख्या फुलावर मोठा काळा भुंगा आला की नवख्याची वही लगेच भरते: परागवाहक, भुंगा. त्याला जवळून बघा. तो फुलाच्या तोंडाशी जातच नाही. बाहेरून, देठाच्या बाजूला, निदलपुंजाच्या जरा वर बसतो, मुखांगांनी पाकळीच्या नळीला उभी चीर पाडतो आणि तिथूनच मकरंद ओढून घेतो. वर पुंकेसर जसेच्या तसे, त्यांना धक्काही लागलेला नसतो. थोड्या वेळाने मधमाश्या येतात, त्या आयती चीर वापरतात. दिवसभरात शेकडो भेटी नोंदवल्या जातात आणि त्यातल्या परागीभवनाच्या जवळजवळ शून्य. म्हणून पाहुणा आणि परागवाहक हे दोन वेगळे रकाने पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा.

रात्री फुलणाऱ्या वनस्पतींकडे रात्रीच जावं लागतं, लाल दिवा घेऊन. कीटकांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. आपले डोळे इथे साक्षीदार म्हणून कच्चे आहेत हेही तेव्हाच पटतं. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ मध्ये करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांच्या कागदांमध्ये एक निळा कागद ठेवून मधमाश्यांना रंग कळतात हे दाखवलं. आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश मधमाशीला दिसतो, आणि आपल्याला ठसठशीत वाटणारा लाल तिला नीट ओळखू येत नाही. आपल्याला साधं पिवळं दिसणारं फूल तिला दोन रंगांचं दिसू शकतं. फुलाचा रंग नोंदवताना तो कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे, हा प्रश्न सोबत ठेवा.

निरीक्षणानंतर प्रयोग. खर्चिक काहीच लागत नाही. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी तिच्यावर बारीक जाळीची पिशवी बांधा. उमलली की पिशवी काढा, एकाच पाहुण्याला येऊ द्या, तो गेला की कुक्षी काढून गुलाबी फुक्सिन घातलेल्या जिलेटिनच्या तुकड्यावर दाबा, काचपट्टीवर हलकं गरम करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजा. एका भेटीत कोण किती पराग आणतो हे समजतं. ‘सारखा येतो तोच महत्त्वाचा’ हा समज इथे बऱ्याचदा मोडतो. दुसरा संच हाताने परागीभवन करण्याचा. काही फुलांना स्वतःचा पराग, काहींना दुसऱ्या झाडाचा, काही पिशवीत बंद, काही उघडी. उघड्या फुलांना वरून जास्तीचा पराग दिल्यावर बिया वाढल्या, तर त्या झाडाला पराग कमी पडतो आहे असं समजा. परागाच्या कमतरतेमुळे बियांमध्ये फरक पडत असेल, तर कोणाला जास्त भेटी मिळतात याला महत्त्व येतं आणि निसर्गनिवडीला पकडायला काहीतरी मिळतं.

यातला माझा सगळ्यात आवडता भाग प्रयोगशाळेतला आहे. परागीभवनानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी कुक्षी आणि कुक्षीवृंत कापून अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्लात टिकवायचे, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करायचे, अ‍ॅनिलिन ब्ल्यूने रंगवायचे आणि अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. अंधारात पिवळसर हिरव्या रेषा उजळतात. त्या परागनलिका. बीजांडाकडे निघालेल्या, मध्येमध्ये चमकदार गुठळ्या असलेल्या. स्वतःचा पराग नाकारणाऱ्या काही वनस्पतींत त्यातल्या बऱ्याच नलिका कुक्षीवृंताच्या मध्यावरच थांबलेल्या दिसतात. पराग पोचला, तरी फलधारणा झाली नाही. पुस्तकात हे वाक्य वाचणं वेगळं आणि ती थांबलेली टोकं एकेक करून मोजणं वेगळं.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. निवडीचा दाब दाखवायचा असेल तर वैशिष्ट्य बदलून बघायला हवं. स्वीडनमध्ये निल्सन यांनी प्लॅटँथेरा या ऑर्किडच्या शुंडिका कृत्रिमरीत्या आखूड केल्या. १९८८ मध्ये आलेल्या त्या निबंधात आखूड शुंडिकांच्या फुलांतून पराग कमी उचलला गेला आणि त्यांना मिळालाही कमी. म्हणजे लांबीचा फायदा फुलाला होतो, हा डार्विनच्या तर्कातला एक दुवा प्रत्यक्ष तपासला गेला. नवख्याने अशा कामाकडे बघून धडे घ्यावेत. प्रश्न एकच, बदल एकच, मोजणी साधी.

दुसरं उदाहरण माकडफुलांचं, म्हणजे मिम्युलसचं. मिम्युलस लेविसीआयची गुलाबी फुलं भुंग्यांकडून (इथून पुढे भुंगा म्हणजे केसाळ बंबलबी) परागित होतात, कार्डिनॅलिसची लाल फुलं हमिंगबर्डकडून. ब्रॅडशॉ आणि श्केम्स्के यांनी २००३ मध्ये संकर करून एका छोट्या जनुकीय भागाची अदलाबदल केली, जेणेकरून बाकी झाड तेच राहून फक्त फुलाचा रंग बदलला. केशरी-पिवळी झालेल्या लेविसीआयकडे हमिंगबर्डच्या भेटी ६८ पटींनी वाढल्या. गुलाबी झालेल्या कार्डिनॅलिसकडे मधमाशी-कुळातल्या पाहुण्यांच्या भेटी ७४ पटींनी वाढल्या. जनुकशास्त्र शिकावं की नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी माझं उत्तर हा प्रयोग आहे.

मोहरीच्या कुळातल्या ब्रॅसिका रापावरचा २०१७ चा झुरिचचा प्रयोग मी शिकवताना मुद्दाम घेते. गेर्वासी आणि शिस्टल यांनी झाडांचे गट करून काहींचं परागीभवन फक्त भुंग्यांकडून करून घेतलं, काहींचं फक्त फुलमाश्यांकडून. नऊ पिढ्यांत भुंग्यांच्या गटातली झाडं उंच आणि जास्त सुवासिक झाली. फुलमाश्यांच्या गटात सुगंध कमी झाला आणि झाडं स्वतःचं स्वतः परागीभवन करण्याकडे वळली. नऊ पिढ्या! उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षं असं मनात पक्कं बसलेल्यांना हे वाचून धक्का बसतो. पण लक्षात घ्या, इथे बदलल्या त्या फक्त वनस्पती. कीटकांची पैदास त्या प्रयोगात झाली नाही. जान्झेन यांच्या कसोटीवर ही सहउत्क्रांती नव्हे, एकाच बाजूचं अनुकूलन आहे. आणि तरीही काम पहिल्या दर्जाचं आहे. सहउत्क्रांती म्हणण्याची घाई न करताही मोठं काही सांगता येतं.

कोलंबाइन, म्हणजे अ‍ॅक्विलेजिया, हेच दुसऱ्या टोकाने सांगते. व्हिटॉल आणि हॉजेस यांनी २००७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या प्रजातींचा वंशवृक्ष वापरून दाखवलं की शुंडिका हळूहळू जोडीने लांबत गेल्या नाहीत. भुंग्याकडून हमिंगबर्डकडे आणि हमिंगबर्डकडून पतंगाकडे परागवाहक बदलला, तेव्हा त्या लांबल्या. तयार लांबीच्या जिभेला फूल जुळत गेलं, असं हे चित्र आहे.

मग दोन्ही बाजू बदलल्याची खात्री कुठे पटते? अंजिराच्या कुळात बरीचशी. फायकस, म्हणजे अंजिराच्या वंशाच्या, ७५० हून अधिक प्रजाती आहेत. मादी चिलट-वास्प (गांधीलमाशीचा चिलटाएवढा नातलग) इवल्याशा छिद्रातून अंजिरात शिरते, त्यात तिचे पंख तुटतात, आत परागीभवन करते आणि काही फुलांत अंडी घालते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात आणि भिंतीला बोगदा पाडतात. पराग घेऊन माद्या त्यातून निघतात. त्यांच्याशिवाय अंजिराला बी नाही आणि अंजिराशिवाय त्यांना जागा नाही. युका या वनस्पतीमध्येही असंच: टेगेटिक्युला पतंगाची मादी पराग गोळा करून मुद्दाम कुक्षीवर ठेवते, आणि अंडी फार झालेली फळं झाड गाळून टाकतं. दोन्ही बाजूंना किंमत, दोन्ही बाजूंना फायदा आणि दोन्हीकडे फसवणारेही.

तिसरी वाट म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी तीच जोडी मोजणं. दक्षिण आफ्रिकेत झालुझियान्स्किया मायक्रोसायफन आणि लांब सोंडेची माशी प्रोसोका गँगलबाउएरी यांचं अँडरसन आणि जॉन्सन यांनी असं मोजमाप केलं. जिथे माशीची सोंड लांब तिथे फुलाची नळी लांब. त्याच परिसरात डिसा निव्हिया नावाचं ऑर्किड आहे. ते याच फुलासारखं दिसतं, माशीला मकरंद मात्र देत नाही. फूल आणि माशी यांच्या जोडीमागून हे ऑर्किड बदलत गेलं. ठिकाणाठिकाणी दोन्ही बाजूंची मोजमापं घेतली नसती, तर या तिघांतलं नातं उलगडलं नसतं.

काय शिकायचं, हे थोडक्यात. वनस्पतिशास्त्र आणि कीटकशास्त्र दोन्हीही हवीत. निम्मे विद्यार्थी एकाच बाजूने येतात आणि दुसरी बाजू ‘इतर’ म्हणून ठेवतात. सांख्यिकी आधी शिका, मोजणी नंतर; किती फुलं मोजायची हे हंगामाआधी ठरवता येतं. ‘आर’ (R) या सांख्यिकीच्या संगणकभाषेसारख्या साधनात वंशवृक्ष वाचता यायला हवेत. मायक्रोकेशिका नळीने मकरंद मोजायला आणि अपवर्तनमापीने त्याची गोडी काढायला एक दुपार पुरते. फुलाचा वास मोजणं जास्त कौशल्याचं आहे, त्यासाठी चांगली प्रयोगशाळा शोधा. कामाच्या जागा पीक-परागीभवनात, संवर्धनात, संग्रहालयांत आणि विद्यापीठांत आहेत. कीटक अचूक ओळखता येणाऱ्या माणसाला सगळीकडे मागणी आहे.

आणि प्रत्येक वर्षीचा नमुना जपून ठेवा. वनस्पतीची दाबलेली फांदी, टाचणीवरचा कीटक, अल्कोहोलमध्ये ठेवलेला एक पाय डीएनएसाठी, चिठ्ठीवर जागा, तारीख आणि कोणत्या फुलावर पकडला ते. अंजिराची एकेक प्रजाती आणि तिचा एकेक वास्प अशी जोडी बरीच वर्षं सरळ मानली जात होती. डीएनए तपासल्यावर अनेक ठिकाणी एका नावाखाली दोन-तीन प्रजाती निघाल्या. ज्यांनी नमुने जपले होते त्यांना जुन्या नोंदी पुन्हा तपासता आल्या. बाकीच्यांच्या वहीतला ‘वास्प’ नेमका कोणता, हे आता कोणालाही सांगता येत नाही.