सौम्य मुरूम ओळखायचे तर आधी दिवा तिरपा करा

पार्लरमध्ये कुणाच्या चेहऱ्यावर पुरळ दिसलं की पूर्वी माझा हात थेट वाफेच्या स्टीमरकडे जायचा. आता मेकअप काढून, चेहरा धुऊन, कोरडा करून आधी दिवा हलवते. समोरून उजेड पडला की व्हाइटहेड, म्हणजे तोंड बंद असलेल्या बारीक पुटकुळ्या, दिसतच नाहीत. दिवा कानाच्या बाजूने तिरपा धरा, दोन बोटांनी कातडी हलकी ताणा. त्वचेच्याच रंगाचे, बारीक वाळूसारखे उंचवटे दिसू लागतील. ब्लॅकहेड, म्हणजे उघड्या तोंडाचे काळे ठिपके, शोधावे लागत नाहीत. त्यांचा काळेपणा मळाचा नसतो, म्हणून घासून जात नाही. क्लायंटला हे जरूर सांगा, बिचाऱ्या चेहरा घासून घासून सोलून घेतात. नाकावरचे करडे, सपाट ठिपके मात्र मुरूम नव्हेत. ते तेलाचे तंतू, काढले तरी पुन्हा भरतात.

मग मोजा. एका प्रचलित मोजणीत ब्लॅकहेड-व्हाइटहेड २०च्या आत, किंवा लाल आणि पुवाचे फोड १५च्या आत, किंवा सगळे मिळून ३०च्या आत असतील तर मुरूम सौम्य. सावळ्या त्वचेवर लाली लपते, फोड तपकिरी किंवा जांभळट दिसतो. तिथे डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा, जुना डाग सपाट लागतो, ताजा फोड उंच आणि दुखरा.

एकही ब्लॅकहेड-व्हाइटहेड नसेल तर थांबा. हे मी चुकून शिकले. एका मुलीच्या कपाळभर एकसारखे, खाजणारे बारीक फोड होते. मुरूम समजून मी तिला तेलाचा मसाज दिला आणि आठवड्यात पुरळ दुप्पट झालं. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं, ही केसांच्या मुळांतली बुरशी आहे. तेव्हापासून ‘खाज येते का?’ हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते. दुसरा प्रश्न, गोरेपणासाठी कुठलं क्रीम लावता? अशा काही क्रीममध्ये स्टिरॉइड असतं, त्यानेही जवळपास असंच पुरळ येतं, आणि क्रीमचं नाव विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

खोल, दुखरी गाठ किंवा खड्डा पडलेला व्रण एखादाच असला, तरी ‘सौम्य’ म्हणू नका. असा चेहरा दाबायचा नाही, डॉक्टरांकडे पाठवायचा. बाकीच्यांचे फोटो त्याच दिव्याखाली, त्याच कोनात काढून ठेवा. औषधी क्रीमचा नीट फरक कळायला १२ आठवडेही लागू शकतात, आणि तिसऱ्या आठवड्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून रडवेल्या झालेल्या मुलीला दाखवायला तो पहिला फोटो लागतो.