विंडोजशेजारी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकताय? आधी हे वाचा

सगळ्यात आधी बॅकअप घ्या, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, हे टाळू नकाच प्लीज, कारण बूट सेटिंग बदललं की विंडोज तीच की मागतं आणि ती नसेल तर डेटा गेलाच समजा. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून ५०-६० जीबी मोकळी सोडा, तिथे नवीन पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) बनवू नका, ते उबुंटूचा इन्स्टॉलर बघेल.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की शटडाउन करूनही विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं, मग उबुंटूत विंडोजचा ड्राइव्ह उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही.

अपडेटनंतर ग्रब (कोणती सिस्टीम उघडायची ते विचारणारा मेनू) न येता थेट विंडोज उघडलं तर लगेच फॉरमॅट मारू नका हो, बऱ्याचदा फक्त बूट ऑर्डर बदललेली असते, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन उबुंटू वर आणा.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसतंय? लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं, विंडोज तीच लोकल समजतं. उबुंटूत हार्डवेअर क्लॉक लोकल टाइमवर सेट केलं की झालं.