घरची एसयूव्ही आणि सोबत मोटरसायकल: गाडी निवडण्याआधी करायचा हिशेब

ज्या घरात मातीतल्या मोटरसायकलिंगची आवड शिरलेली असते, त्या घरापुढे गाडी घेण्याच्या वेळी एक प्रश्न हमखास उभा राहतो. मुलांची शाळा, आईवडिलांचा दवाखाना, गणपतीत गावी जाणे यांसाठी दणकट एसयूव्ही घ्यायचीच आहे. मग शनिवारी पहाटे मोटरसायकलही घेऊन जाईल अशीच गाडी का निवडू नये? अपेक्षा रास्त आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, मातीसाठीचे खडबडीत टायर डांबरावर लवकर झिजतात, आणि मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची खास मोटरसायकल तर रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदवलेलीच नसते, म्हणून ती दुसऱ्या वाहनातूनच न्यावी लागते. तरीही शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी घरी बसून कागदावर एक हिशेब मांडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोटरसायकल म्हणजे डिकीत टाकायची आणखी एक बॅग नव्हे. ती दोन मीटरहून लांब, वरून जड आणि वळणावर कलंडू पाहणारी वस्तू आहे, आणि तिच्या पुढच्याच सीटवर आपली मुले बसलेली असतात.

आधी वजन

प्रत्येक गाडीला कंपनीने भरल्या गाडीचे कमाल वजन ठरवून दिलेले असते. ते दाराच्या चौकटीजवळ किंवा इंजिनाच्या खणात लावलेल्या कंपनीच्या पट्टीवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तकात सापडते. त्यातून मोकळ्या गाडीचे वजन वजा केले की माणसे, सामान आणि मोटरसायकल मिळून किती भार घालता येईल ते कळते. ही वजाबाकी प्रत्येक व्हेरिएंटसाठी वेगळी करावी, कारण फोर-व्हील-ड्राइव्ह आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे मोकळ्या गाडीचेच वजन वाढते आणि तेवढी क्षमता कमी होते.

आमच्या घराचे उदाहरण घेतो. आम्ही चौघे मिळून सुमारे 215 किलो, दोन दिवसांचे सामान आणि पाणी 50 किलो, हेल्मेट, बूट, हत्यारे आणि चढवण्याची फळी 40 किलो, आणि हिरो एक्सपल्स 200 ही मोटरसायकल सुमारे 160 किलो. बेरीज 465 किलो. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 असेल तर तिचे 196 किलो धरावे लागतील, म्हणजे बेरीज पाचशेच्या पुढे जाते. दोन मोटरसायकली न्यायच्या असतील तर बहुतेक कौटुंबिक गाड्यांची मर्यादा इथेच ओलांडली जाते, आणि हे गाडी बघायला जाण्याआधीच समजलेले बरे.

मागे लटकवण्याचा मार्ग

परदेशातल्या चित्रफितींमध्ये एसयूव्हीच्या मागे हिच, म्हणजे ट्रेलर किंवा कॅरिअर जोडायचा आकडा, बसवून त्यावर आडवी मोटरसायकल ठेवलेली दिसते, आणि अनेकांच्या मनात हीच कल्पना असते. आपल्याकडे हा मार्ग मी कोणालाही सुचवत नाही. त्याची कारणे नीट समजून घ्यावीत, कारण गाडी निवडण्याचा निम्मा निर्णय त्यातच आहे.

पहिले कारण तरफेचे आहे. स्कॉर्पिओ-एनच्या पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये 2,750 मिलिमीटर अंतर आहे. मोटरसायकल आणि लोखंडी कॅरिअर मिळून 190 किलो भार मागच्या आसापासून साधारण 1,450 मिलिमीटर मागे टांगला, तर पुढच्या चाकांवरचा सुमारे 100 किलो भार उचलला जातो आणि मागच्या आसावर 190 नव्हे, तर 290 किलोची भर पडते. स्टिअरिंग आणि ब्रेकची मुख्य भिस्त पुढच्या चाकांवर असते. तीच हलकी झाली की पावसात घाट उतरताना गाडी हवी तशी वळत नाही. शिवाय शेपूट बसल्यामुळे हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

दुसरे कारण मापाचे आणि कायद्याचे आहे. एक्सपल्सची लांबी 2,222 मिलिमीटर आणि स्कॉर्पिओ-एनची रुंदी 1,917 मिलिमीटर. म्हणजे आडवी ठेवलेली मोटरसायकल दोन्ही बाजूंना मिळून 30 सेंटिमीटर बाहेर डोकावणार, नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकणार. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने गाडीच्या अंगाबाहेर आलेल्या भारासाठी 20,000 रुपये दंड आणि तो भार उतरवण्याचा खर्च अशी तरतूद केली आहे. दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, अरुंद रस्त्यावर शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गुडघ्याशी आपल्या मोटरसायकलचे हँडल असावे, हे मला पटत नाही.

आत नेता येईल का?

सीट दुमडून मोटरसायकल आत घेण्याचा विचारही अनेक जण करतात. मोठ्या एसयूव्हीत पुढच्या सीटमागे दोन मीटर लांबी कशीबशी मिळतेही, पण खरी अडचण मागच्या दाराच्या उंचीची असते. मातीतल्या मोटरसायकलचे हँडल जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असते आणि दाराची उंची त्याहून बरीच कमी असते. लहान मुलांची छोटी डर्ट बाइक पुढचे चाक आणि हँडल काढून आत जाऊ शकते. पण बंद काचांच्या गाडीत पेट्रोलचा वास आणि मागे मुले हा मेळ चुकीचा आहे, आणि सीट दुमडल्यावर मुलांना बसायला जागाच कुठे उरते? तेव्हा हा मार्ग एकट्याने जाणाऱ्यासाठी आहे, कुटुंबासाठी नव्हे.

पिकअपचा हौदा

मग उरते डबल कॅब पिकअप. आपल्याकडे खासगी वापरासाठी इसुझू व्ही-क्रॉस आणि 2022 साली आलेली टोयोटा हायलक्स ही दोन नावे समोर येतात. पुढे पाच जणांची केबिन, मागे उघडा हौदा, त्यामुळे मोटरसायकल आणि कुटुंब वेगवेगळ्या जागी राहतात. याहून सरळ रचना नाही, तरीही टेप घेऊन मोजमाप केल्याशिवाय पैसे भरू नयेत.

डबल कॅबचा हौदा साधारण दीड मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. एक्सपल्सची लांबी मडगार्ड सोडून, टायरच्या टोकापासून टोकापर्यंत मोजली तर ती दोन मीटर आठ सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे फाळका लावून मोटरसायकल सरळ उभी राहत नाही. ती तिरकीच ठेवावी लागते, कारण दीड मीटरच्या चौकोनाचा कर्ण दोन मीटर बारा सेंटिमीटर भरतो. चाकांच्या जागी आत आलेले उंचवटे धरले तर ही जागा आणखी आवळते. अनेक जण फाळका उघडा ठेवून मागचे चाक त्यावर टेकवतात आणि दोन मोटरसायकली शेजारी शेजारी नेतात. पण मग भार गाडीच्या अंगाबाहेर येतो, मोटरसायकलचे वजन फाळक्याच्या बिजागऱ्यांवर आणि साखळ्यांवर पडते, आणि वर सांगितलेला कायदा पुन्हा आडवा येतो. म्हणून डबल कॅबची प्रामाणिक क्षमता एक मोटरसायकल अशीच धरावी.

आता कुटुंबाच्या बाजूने पाहू, कारण पिकअपची खरी परीक्षा मागच्या सीटवर होते. मागे पाट्यांचे सस्पेन्शन असते. ते ओझ्याखाली छान वागते, पण हौदा रिकामा असताना प्रत्येक खड्डा पाठीला कळवते. वर्षातले बहुतेक दिवस हौदा रिकामाच असणार आहे, हे विसरू नये. मागच्या सीटची पाठ बऱ्याच पिकअपमध्ये ताठ असते, त्यामुळे ट्रायलसाठी वडीलधाऱ्यांना सोबत न्यावे आणि किमान तासभर, खराब रस्त्याने, त्यांना मागेच बसवावे. आमच्या आईने वीस मिनिटांत कंबर धरली आणि आमचा अर्धा निर्णय तिथेच झाला. बॅगा उघड्या हौद्यात जाणार असल्याने पावसाळ्यासाठी झाकण लागते, आणि मोटरसायकल उभी केली की ते झाकण लावता येत नाही. व्ही-क्रॉसची लांबी 5,295 आणि हायलक्सची 5,325 मिलिमीटर आहे. सोसायटीतल्या पार्किंगचे खांब, वळण आणि शेजारच्या गाडीचे दार यांची मापे घेऊनच या आकड्यांकडे पाहावे.

ट्रेलर

दोन मोटरसायकली आणि सात माणसे हीच गरज असेल, तर तांत्रिकदृष्ट्या ट्रेलर सर्वांत योग्य ठरतो. तो जमिनीपासून बुटका असतो, त्यामुळे मोटरसायकल चढवायला एक माणूस पुरतो, आणि घरच्या गाडीची केबिन आहे तशी राहते. यासाठी लॅडर फ्रेमची, म्हणजे शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बांधलेली एसयूव्ही पाहावी: स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा या त्या घराण्यातल्या गाड्या. सफारी, एक्सयूव्ही 700, इनोव्हा हायक्रॉस या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चौकट नसून चौकट आणि सांगाडा एकच असलेल्या गाड्या आहेत. कुटुंबाला त्या अधिक सुखाच्या वाटतील, पण त्यांना हिच बसवायची झाल्यास कंपनीची लेखी संमती असल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडीत परवानगीशिवाय केलेल्या बदलांवर कायद्याने बंधने आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनीही नेमका हाच मुद्दा काढते.

इथे एक चूक सर्रास होते. ऑस्ट्रेलियात हायलक्सची ओढण्याची क्षमता 3,500 किलो सांगितली जाते, ते वाचून लोक इथल्या गाडीलाही तोच आकडा लावतात. नाव एक असले तरी देशानुसार जोडणी, कूलिंग आणि मंजुरी बदलते. भारतातल्या माहितीपुस्तकात जे छापले आहे तेच खरे. तिथे आकडा नसेल तर डीलरकडून लेखी मागावा, आणि तोही मिळाला नाही तर त्या गाडीला ट्रेलर लावू नये. ट्रेलर हेदेखील कायद्याच्या दृष्टीने वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी, नंबर आणि दिवे यांबाबत आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारावे, मग फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम द्यावी. मोटरसायकली ट्रेलरवर इतक्या पुढे ठेवाव्यात की एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भार हिचवर येईल. मागे वजन गेले की ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि वेगात तो सावरणे कठीण जाते.

खेपा मोजाव्यात

मोटरसायकल वर्षातून नेमकी किती वेळा न्यायची आहे, हे मागच्या वर्षाच्या कॅलेंडरवरून मोजावे. पुढच्या वर्षीच्या संकल्पांवरून मोजू नये. माझ्या मते वर्षाला आठ-दहा खेपांपेक्षा कमी होत असतील, तर कुटुंबाला सर्वांत चांगली असेल ती एसयूव्ही घ्यावी आणि मोटरसायकलसाठी छोटा हत्ती भाड्याने करावा. त्याच्या साधारण सात फुटी हौद्यात मोटरसायकल सरळ उभी राहते आणि आपली गाडी हलकी राहते. लांबच्या प्रवासासाठी रेल्वेच्या पार्सलने मोटरसायकल पाठवण्याची सोय आहेच. टाकी रिकामी करून आणि नीट गुंडाळून ती द्यावी लागते. आम्ही शेवटी हाच निर्णय घेतला आणि निवड करताना मुलांच्या सुरक्षेच्या गुणांना पहिला मान दिला. तिथेही केवळ पाच तारे पाहून थांबू नये. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2022 मधल्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, पण मुलांच्या सुरक्षेसाठी तीनच. लहान मूल असलेल्या घराने हा दुसरा आकडा आधी वाचावा.

दर महिन्याला सराव आणि स्पर्धा असतील, घरात चारच माणसे असतील आणि मोटरसायकल एकच असेल, तर मात्र पिकअपच घ्यावी. मुलगा स्पर्धेत उतरणार असेल तर पहाटे चार वाजता भाड्याच्या गाडीची वाट पाहत बसणे कोणालाच परवडत नाही.

पहिली खेप

पिकअप घेतलीच, तर चढवणे आणि बांधणे आधी घरच्या अंगणात शिकून घ्यावे. हौदा जमिनीपासून 80 सेंटिमीटर उंच धरला आणि फळी सात फुटी असेल, तर चढ 22 अंशांच्या आसपास येतो, आणि 160 किलोची मोटरसायकल ढकलताना तो चांगलाच जाणवतो. गाडीची मागची चाके उताराच्या किंवा खळग्याच्या जागी उभी केली तर हाच चढ कमी होतो. फळीचे टोक पट्ट्याने हौद्याला बांधल्याशिवाय चाक तिच्यावर घालू नये.

बांधण्यात मी स्वतः चुकलो होतो. भाड्याच्या गाडीतल्या पहिल्या खेपेला दोन रॅचेट पट्टे, म्हणजे दातेरी कळीने आवळायचे पट्टे, हँडलच्या टोकांना लावले, साइड स्टँड खाली ठेवला आणि ताम्हिणी घाट धरला. प्रत्येक खड्ड्याला फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाला धरणारे स्प्रिंगचे दांडे, दबत होता, त्या क्षणी पट्टा सैल पडत होता आणि त्याची कडी हँडलवरून सरकत होती. तिसऱ्या वळणावर मागून धप्प असा आवाज आला. मोटरसायकल डाव्या अंगावर पडली होती, क्लच लिव्हर मोडला होता आणि टाकीच्या झाकणातून पेट्रोल हौद्यात ठिबकत होते. तेव्हापासून पुढचे दोन पट्टे मी फोर्कला धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पला मऊ फासे घालून लावतो, पुढे आणि बाहेरच्या दिशेने तिरके ओढतो, आणि फोर्क साधारण निम्मा दबेपर्यंत आवळतो. मागचे दोन पट्टे फ्रेमला लावून मागचे चाक बाजूला सरकणार नाही एवढे ताणतो. स्टँड वर, गिअर पहिला, पुढचे चाक हौद्याच्या भिंतीला टेकलेले, टाकीत पेट्रोल जेमतेम. निघण्याआधी मागच्या टायरची हवा भरल्या गाडीसाठी सांगितलेल्या दाबापर्यंत वाढवतो आणि हेडलाइटचा झोत खाली करतो. आणि दहा-पंधरा किलोमीटरवर, घाट सुरू होण्याआधी, गाडी बाजूला घेऊन चारही पट्टे हाताने ओढून पाहतो; नवीन पट्टा पहिल्या टप्प्यात थोडा ढिला झालेला असतोच, आणि तिथेच तो पुन्हा एक-दोन दाते आवळावा लागतो.